तंतुकणिकेचे आतील पटल : घडण व प्रथिने

पेशीतील तंतुकणिकेभोवती (मायटोकॉन्ड्रियनभोवती) दोन पटले असतात. बाहेरचे पटल गुळगुळीत असते. आतल्याचे क्षेत्रफळ त्याहून कितीतरी जास्त असल्याने ते घड्या घालूनच आत मावते. या घड्यांना क्रिस्टी (एकवचन क्रिस्टा) म्हणतात. श्वसनसाखळीतील प्रथिन-संकुले आणि पेशीचा ऊर्जावाहक रेणू एटीपी बनवणारे एटीपी सिंथेज हे विकर मुख्यतः या घड्यांमध्येच असतात. हृदयाच्या स्नायुपेशीत क्रिस्टी दाटीने रचलेल्या असतात, यकृतपेशीत त्या विरळ असतात, तर अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरील थरात त्या नळ्यांसारख्या दिसतात. मेदरेणूंचे पातळ पटल इतका तीव्र वाक स्वतःहून धरून ठेवू शकत नाही. तो वाक देण्याचे आणि टिकवण्याचे काम मोजकी प्रथिने करतात, आणि त्यांतली काही एकमेकांच्या विरुद्ध दिशेने काम करतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जॉर्ज पलाडे यांनी १९५२-५३ मध्ये या घड्या पाहिल्या व त्यांना नाव दिले. त्याच सुमारास स्वीडनचे फ्रिट्यॉफ शोस्ट्रांड यांनीही तंतुकणिकेची रचना टिपली, पण त्यांच्या मते आत दिसणारे पडदे कडेच्या पटलापासून वेगळे होते. पलाडे यांचे चित्र, म्हणजे रुंद तोंडाने दोन पटलांमधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या घड्या, पाठ्यपुस्तकांत रुजले. १९९० च्या दशकात कार्मेन मॅनेला, गाय पर्किन्स, टेरी फ्रे आदींनी इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने त्रिमित प्रतिमा मिळवल्या, तेव्हा ते चित्र अपुरे ठरले. क्रिस्टा कडेच्या पटलाला जोडली जाते ती काही दशक नॅनोमीटर रुंदीच्या अरुंद मानेने. या मानेला क्रिस्टा-संधी म्हणतात. शालेय आकृत्यांत आजही रुंद तोंडाच्या घड्या काढल्या जातात. त्या बदलायला हव्यात, कारण क्रिस्टा हा जवळजवळ बंद कप्पा आहे ही मुख्य गोष्टच त्यांतून निसटते.

म्हणजे एका क्रिस्टेत वाकाच्या दोन वेगळ्या जागा असतात : आतल्या टोकाची धारदार कड आणि बाहेरच्या टोकाची संधी. दोन्ही ठिकाणी पटल वेगवेगळ्या दिशांना वळते, आणि दोन्हींचे कारागीरही वेगळे आहेत.

कडेचे काम एटीपी सिंथेज करते. हे विकर प्रोटॉनच्या प्रवाहावर फिरून एटीपी बनवते, ही त्याची प्रसिद्ध ओळख. पण तंतुकणिकेत ते जोडीने राहते. दोन विकरांचे पटलात बुडालेले भाग एकमेकांना चिकटतात आणि त्यांची डोकी परस्परांपासून दूर झुकतात. यीस्टमध्ये त्यांच्यातील कोन सुमारे ८६ अंश असतो. अशा तिरक्या जोडीखाली पटलाला वाकावेच लागते. जोड्यांची लांब रांग लागली की सलग कड तयार होते. पॅरामेशियमच्या नळीदार क्रिस्टींवर अशा दुहेरी रांगा १९८९ मध्येच दिसल्या होत्या, पण त्यांचा अर्थ उलगडला तो बोर्दोच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये यीस्टवर केलेल्या कामामुळे. जोडी जुळवणारे ई आणि जी हे दोन छोटे उपघटक काढून टाकल्यावर क्रिस्टी नाहीशा झाल्या आणि आतले पटल कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक गुंडाळले गेले. अशी पेशी मरत नाही. एकेकटे विकर एटीपी बनवत राहते. बिघडतो तो आकार, आणि श्वसनावर जगताना पेशीची वाढ मंदावते. फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक संस्थेत व्हेर्नर क्यूलब्रांट यांच्या गटाने पुढे या रांगा अनेक जीवांत दाखवल्या. शुद्ध केलेल्या जोड्या कृत्रिम मेदपटलात सोडल्या, तर इतर कोणत्याही प्रथिनाच्या मदतीविना त्या स्वतःच रांगेत लागतात, हेही याच गटाने २०१९ मध्ये सिद्ध केले. श्वसनसाखळीची संकुले मात्र कडेवर नसून क्रिस्टेच्या सपाट बाजूंवर असतात.

संधीचे काम मायकॉस या संकुलाकडे आहे. २०११ मध्ये तीन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले आणि वेगवेगळी नावे दिली. हा गोंधळ २०१४ मध्ये एकच नामपद्धती ठरवून मिटवण्यात आला. यीस्टमध्ये त्याचे सहा, तर सस्तन प्राण्यांत सात घटक असतात. त्यांतले दोन कळीचे आहेत. मिक-१० हे केसाच्या पिनेसारखे दुमडलेले छोटे प्रथिन पटलात अनेकांच्या समूहाने एकत्र येऊन त्याला वाकवते. मिक-६० (जुने नाव मायटोफिलिन) पटल वाकवतेच, शिवाय बाह्य पटलातील सॅम या प्रथिन-संकुलाला धरून ठेवते, म्हणजे संधी बाह्य पटलाशी नांगरली जाते. मिक-६० काढले की संधी जवळपास उरतच नाहीत आणि क्रिस्टी कडेच्या पटलापासून तुटून आत सुट्या थरांसारख्या पडतात. एटीपी सिंथेजच्या रांगांशी त्याचे नाते ओढाताणीचे आहे. यीस्टमध्ये मिक-६० गरजेपेक्षा जास्त झाले तर क्रिस्टींना फाटे फुटतात आणि विकरांच्या रांगा घटतात. उलट ई व जी उपघटक नसतील तर संधी रुंदावतात.

तिसरे महत्त्वाचे प्रथिन ओपीए-१ (यीस्टमध्ये एमजीएम-१). जीटीपीच्या ऊर्जेवर चालणाऱ्या डायनॅमिन कुळातील हे प्रथिन दोन तंतुकणिकांची आतील पटले जोडते आणि क्रिस्टा-संधी अरुंद ठेवण्यासही मदत करते. त्याची लांब व आखूड अशी दोन रूपे असतात. पेशीवर ताण आला की ओमा-१ हे विकर लांब रूप कापते. या सगळ्यांना कार्डिओलिपिन या मेदाची साथ लागते. चार शेपट्यांचा हा रेणू आतील पटलातील मेदांच्या सुमारे १५ ते २० टक्के असतो.

संधी अरुंद असण्याला पेशीच्या मरणातही अर्थ आहे. सायटोक्रोम-सी हे प्रथिन श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन वाहते, पण पेशीद्रवात सांडले तर पेशीच्या नियोजित मृत्यूची साखळी सुरू करते. त्याचा फार मोठा भाग, एका गणनेनुसार सुमारे ८५ टक्के, क्रिस्टींच्या आत असतो. मृत्यूचा संकेत मिळाल्यावर ओपीए-१ चे समूह सुटतात, संधी रुंदावतात आणि साठा बाहेर येतो. बाह्य पटलात छिद्रे पडणे हा त्यासाठीचा वेगळा टप्पा आहे. निरोगी पेशीतही क्रिस्टी स्थिर नसतात. जिवंत पेशींच्या अतिसूक्ष्म चित्रणात त्या काही सेकंदांत जुळताना व विभागताना दिसतात.

या प्रथिनांतील दोष माणसात रोग म्हणून प्रकटतात. ओपीए-१ च्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे नेत्रचेता क्षीण होत जाऊन बहुधा बालपणीच दृष्टी मंदावते. हे कारण २००० मध्ये उघड झाले. कार्डिओलिपिनची जडणघडण बिघडली की बार्थ संलक्षण होते; ते प्रामुख्याने मुलग्यांत आढळते आणि त्यात हृदयाचा स्नायू दुबळा होतो. मायकॉसच्या मिक-१३ या घटकातील दोष यकृत व मेंदू दोन्हींना ग्रासतो. पोडोस्पोरा या बुरशीत वार्धक्याबरोबर एटीपी सिंथेजच्या जोड्या सुटत जातात आणि क्रिस्टी मागे हटतात.

तंतुकणिकेचे पूर्वज अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया गटातले जिवाणू होते. मिक-६० शी नाते सांगणारी प्रथिने त्या गटातील आजच्या जिवाणूंतही सापडतात. एटीपी सिंथेज सर्व जिवाणूंत आढळते असे नाही, पण जिथे आहे तिथे ते एकेकटेच असते. त्याच्या जोड्यांच्या रांगा फक्त तंतुकणिकेत आढळल्या आहेत.