सुवर्णशोधकाचे ओझे हलके करणारी लिथियम बॅटरी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ मध्ये सोन्याची लाट आली आणि जगाच्या कानाकोपऱ्यातून हजारो लोक कुदळ-फावडी घेऊन तेथे धावले. मोलियागुल या गावाजवळ १८६९ मध्ये जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना 'वेलकम स्ट्रेंजर' नावाने प्रसिद्ध झालेला सोन्याचा प्रचंड गोळा सापडला. त्यातून सुमारे ७२ किलो शुद्ध सोने निघाले. हा गोळा एका झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली अवघ्या काही सेंटिमीटरवर होता. त्या लाटेला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. मात्र सोन्याचे सुटे खडे त्या मातीत आजही आहेत आणि ते शोधणारे हौशी व व्यावसायिक सुवर्णशोधकही आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या हातात आता कुदळीच्या आधी धातुशोधक यंत्र, म्हणजेच मेटल डिटेक्टर असतो.

या यंत्राविषयी बोलताना त्याची कॉइल, त्याची खोलवर पोहोचण्याची क्षमता आणि त्याची किंमत यांचीच चर्चा अधिक होते. ज्या बॅटरीवर ते चालते तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. प्रत्यक्षात मात्र दिवसभरात किती जमीन पालथी घालता येईल, मातीतला बारीक खडा ऐकू येईल की नाही आणि रात्री तंबूत निर्धास्त झोपता येईल की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी बॅटरीवर अवलंबून असतात.

शिशाच्या बॅटरीचे युग

धातुशोधक यंत्राने काय साधू शकते, हे १९८० मध्ये जगाला दिसले. व्हिक्टोरियातीलच किंगावर गावाजवळ केव्हिन हिलियर यांना अशा यंत्राच्या मदतीने सुमारे २७ किलो वजनाचा 'हँड ऑफ फेथ' हा खडा मिळाला. मात्र ऑस्ट्रेलियातील सुवर्णक्षेत्रांची माती लोहखनिजांनी भरलेली असल्यामुळे साधी यंत्रे तेथे सतत खोटे इशारे देत. या अडचणीवर परिणामकारक उपाय निघाला तो पल्स इंडक्शन, म्हणजे स्पंद-प्रवर्तन तत्त्वावरील यंत्रांनी. अॅडलेडमध्ये १९८५ साली स्थापन झालेल्या माइनलॅब या कंपनीने ब्रूस कँडी यांच्या संशोधनावर आधारलेले 'एसडी २०००' हे यंत्र १९९५ मध्ये बाजारात आणले आणि सुवर्णशोधाचे चित्रच पालटले. खाणून झालेल्या, सोडून दिलेल्या जमिनीतून पुन्हा सोने निघू लागले.

या यंत्रांना वीज बरीच लागे. त्यासाठी सहा व्होल्टची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी वापरली जात असे. ती यंत्रावर बसवणे अशक्य असल्याने पाठीवरच्या पिशवीत ठेवावी लागे आणि तिच्यापासून निघणारी पिळदार वायर यंत्राला जोडलेली असे. सहा व्होल्ट, बारा अँपिअर-तास क्षमतेच्या अशा बॅटरीचे वजन सुमारे दोन किलो भरते. पुढे याच कंपनीने २००६ मध्ये आणलेल्या 'जीपीएक्स ४०००' या यंत्रासाठी लिथियम-आयन बॅटरी दिली. नंतरच्या 'जीपीझेड ७०००' आणि 'जीपीएक्स ६०००' या यंत्रांत तर बॅटरी पाठीवरून उतरून थेट यंत्राच्या दांड्यावर आली. दरम्यान, जुनी यंत्रे वापरणाऱ्यांसाठीही लिथियमचे हलके पॅक तयार होऊ लागले.

वजनाचे गणित

लिथियम-आयन बॅटरी व्यापारी स्वरूपात प्रथम १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली. तिच्या मूलभूत संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शिसे-आम्ल बॅटरी दर किलो वजनामागे साधारण ३० ते ४० वॅट-तास ऊर्जा साठवते. लिथियम-आयन घट १५० ते २५० वॅट-तास साठवतो.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सहा व्होल्ट आणि बारा अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास ऊर्जा. लॅपटॉपमध्ये पूर्वापार वापरला जाणारा, १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर उंचीचा दंडगोल घट घेतला तर त्याचे वजन पन्नास ग्रॅमच्या आत असते आणि तो सुमारे नऊ वॅट-तास ऊर्जा देतो. असे आठ घट जोडले की तेवढीच ७२ वॅट-तास ऊर्जा मिळते. घटांचे एकूण वजन होते चारशे ग्रॅमच्या आसपास. पेटी, वायरी आणि संरक्षक सर्किट धरले तरी अर्धा-पाऊण किलोत काम भागते. शिवाय शिसे-आम्ल बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे तिची सर्व क्षमता वापरणे शहाणपणाचे नसते. लिथियम बॅटरीला ही अडचण तितकीशी नाही.

वाचलेले सव्वा-दीड किलो म्हणजे सव्वा-दीड लिटर पाणी. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्लीच्या आसपासच्या सुवर्णक्षेत्रांत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि वाहनापासून दूर गेलेल्या माणसाला पाठीवर असेल तेवढ्याच पाण्याचा आधार असतो. तेथे हा फरक केवळ सोयीचा राहत नाही.

अर्थात, हलकेपणा म्हणजेच आराम असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. सुवर्णशोधक दिवसभरात हजारो वेळा कॉइल डावीकडून उजवीकडे फिरवतो. कॉइलचे वजन दांड्याच्या पुढच्या टोकाला असते. कोपराच्या मागे थोडे वजन असल्यास तोल साधतो आणि मनगटावरचा ताण कमी होतो. म्हणून बॅटरी किती हलकी आहे याइतकेच ती कोठे बसवली आहे, हेही महत्त्वाचे ठरते. ती कॉइलच्या फार जवळ नेणेही योग्य नाही, कारण बॅटरी स्वतःच धातूची असते आणि यंत्र तिचीही दखल घेऊ शकते.

बॅटरीचा गोंगाट

स्पंद-प्रवर्तन यंत्राचे कार्य समजून घेतल्याशिवाय बॅटरीच्या निवडीतील खरी मेख कळत नाही. हे यंत्र कॉइलमधून सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा विद्युतप्रवाहाचे स्पंद सोडते. प्रत्येक स्पंद एकाएकी बंद केला जातो. त्या क्षणी बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील सोन्याच्या खड्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि ते विरत असताना कॉइलमध्ये अतिसूक्ष्म विद्युतदाब उमटतो. भरीव, मोठ्या खड्यातील प्रवाह तुलनेने सावकाश विरतात. बारीक किंवा सच्छिद्र खड्यातील प्रवाह मात्र काही मायक्रोसेकंदांतच नाहीसे होतात. लोहयुक्त मातीचाही स्वतःचा प्रतिसाद असतो आणि तो वजा करून सोन्याचा प्रतिसाद वेगळा काढावा लागतो.

हे सारे शोधकाच्या कानापर्यंत पोहोचते ते एका अखंड, मंद गुणगुणीच्या रूपाने. या गुणगुणीत होणारा किंचित चढउतार म्हणजेच खोलवरच्या खड्याची चाहूल. विजेच्या तारा, दूरवर चमकणारी वीज, शेजारी चालू असलेले दुसरे यंत्र यांमुळे ही गुणगुण डळमळीत होते. त्यात बॅटरीनेच भर घातली, तर खडा कॉइलखाली असूनही शोधक पुढे निघून जातो आणि आपण काय गमावले हे त्याला कधीच कळत नाही.

हा गोंगाट बॅटरीच्या रसायनातून येत नाही. तो येतो तिच्यासोबतच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून. लिथियम-आयनचा एक घट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाब देतो. त्यामुळे दोन घटांच्या जोडीचा दाब ८.४ व्होल्ट होतो. सहा व्होल्टसाठी बनवलेल्या जुन्या यंत्राला तो थेट दिल्यास आतील भागांना इजा पोहोचू शकते. म्हणून मध्ये दाब नियंत्रित करणारे रेग्युलेटर बसवावे लागते. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. स्विचिंग रेग्युलेटर सेकंदाला हजारो ते लाखो वेळा चालू-बंद होऊन दाब कमी करतो. तो कार्यक्षम असतो, पण त्या उघडझापीतून विद्युत गोंगाट निर्माण होतो. लिनिअर रेग्युलेटर जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपाने उधळून टाकतो. त्यात थोडी ऊर्जा वाया जाते, मात्र तो शांत असतो. मोबाइलच्या पॉवर बँकेत ऊर्जेची बचत महत्त्वाची म्हणून पहिला प्रकार चालतो. सुवर्णशोधात शांततेला अधिक मोल असल्याने दुसरा प्रकार श्रेयस्कर मानला जातो.

यावर आणखी एक पर्याय आहे तो लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या घटांचा. त्यातील प्रत्येक घटाचा सर्वसाधारण दाब ३.२ व्होल्ट असतो. दोन घट मिळून ६.४ व्होल्ट होतात आणि हा आकडा सहा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीच्या जवळ जाणारा आहे. हे घट अधिक वेळा भरता येतात आणि उष्णतेतही तुलनेने स्थिर राहतात. मात्र तेवढ्याच ऊर्जेसाठी त्यांचे वजन लिथियम-आयनपेक्षा जास्त असते. कोणताही पर्याय निवडला तरी यंत्राला किती व्होल्टपर्यंतचा दाब चालतो, हे निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेवरून तपासून घेणे अत्यावश्यक आहे.

बॅटरी संपण्याच्या तऱ्हेतही फरक आहे. शिसे-आम्ल बॅटरीचा दाब हळूहळू उतरतो. लिथियमचा दाब बराच काळ टिकून राहतो आणि अखेरीस संरक्षक सर्किट पुरवठा एकदम तोडते. दूरवर जाणाऱ्याने म्हणूनच एक भरलेला सुटा पॅक सोबत बाळगणे हिताचे.

उष्णता आणि आग

लिथियम-आयनमध्ये थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा कोंडलेली असते आणि तिच्यातील द्रव ज्वलनशील असतो. घट जास्त भरला गेला, ठेचला गेला किंवा आतून त्याचे शॉर्ट सर्किट झाले, तर उष्णता वाढत जाऊन ती स्वतःच अधिक उष्णता निर्माण करते. एका घटाची आग शेजारच्या घटाला लागते. म्हणून जास्त भरणे, जास्त रिकामे होणे आणि शॉर्ट सर्किट या तिन्हींपासून बचाव करणारे सर्किट पॅकमध्ये असलेच पाहिजे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या, निरनिराळ्या वयाच्या घटांचा घरगुती पॅक बनवणे स्वस्त वाटले, तरी तो धोका पत्करण्याजोगा नाही.

चार्जिंग करताना पुढील गोष्टी पाळाव्यात. चार्जर त्या पॅकसाठी बनवलेलाच असावा, शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर लावू नये. लिथियम-आयन घट साधारण शून्य ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानातच भरावेत. गोठणबिंदूखाली भरल्यास आत धातुरूप लिथियम साचून घट कायमचा बिघडू शकतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तापमान साठ अंशांपलीकडे जाऊ शकते, तेव्हा पॅक तेथे ठेवू नये. झोपलेल्या माणसाशेजारी, तंबूत किंवा कॅराव्हॅनमध्ये रात्रभर चार्जिंग लावून ठेवू नये. फुगलेला किंवा वास येणारा पॅक वापरातून तत्काळ बाद करावा. हंगाम संपल्यावर बॅटरी सुमारे निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवल्यास तिचे आयुष्य वाढते.

विमानप्रवासाचे नियम

सुवर्णक्षेत्रापर्यंत विमानाने जाणाऱ्यांना वॅट-तासांचा हिशेब ठाऊक असणे गरजेचे आहे. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या केवळ हातातील सामानातच नेता येतात, त्या चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई आहे. शंभर वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा पूर्वपरवानगी लागत नाही. १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची संमती लागते आणि अशा दोनच सुट्या बॅटऱ्या नेता येतात. १६० वॅट-तासांवरील बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. ७.४ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांचा पॅक ८८.८ वॅट-तासांचा, म्हणजे मर्यादेच्या आत बसणारा. पॅकवर हे आकडे स्पष्ट छापलेले असावेत आणि त्याची टोके चिकटपट्टीने झाकलेली असावीत. आकडे नसलेला पॅक तपासणीत अडवला जाण्याची शक्यता असते. काही विमान कंपन्यांचे नियम याहून कडक असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करणे उत्तम.

निरुपयोगी झालेला पॅक कचऱ्यात टाकणे किंवा जमिनीत पुरणे हे दोन्ही घातक आहे. कचरागाडीत दबून तो पेट घेऊ शकतो. ऑस्ट्रेलियात जुन्या बॅटऱ्या गोळा करण्यासाठी 'बी-सायकल' ही देशव्यापी योजना २०२२ पासून राबवली जात आहे.

निवड करताना

एकूण विचार करता, हलकी बॅटरी निवडताना वजनाचा आकडा सर्वात शेवटी पाहावा. आधी यंत्राला मानवणारा दाब, मग रेग्युलेटरची शांतता, त्यानंतर संरक्षक सर्किट आणि योग्य चार्जर. नवा पॅक घेतल्यावर तो यंत्राला जोडून, विजेच्या तारांपासून दूर मोकळ्या जागी गुणगुण ऐकावी. मूळ बॅटरीवर ती जितकी स्थिर होती तितकीच नव्या पॅकवरही राहिली पाहिजे. एखादा लहानसा धातूचा तुकडा जमिनीत पुरून दोन्ही बॅटऱ्यांवर तो किती खोलीपर्यंत ऐकू येतो, हे पडताळणे ही त्याहून चोख परीक्षा. या कसोटीला उतरलेली बॅटरीच पाठीवरचे ओझे खऱ्या अर्थाने हलके करते. न उतरलेली बॅटरी वजन कमी करते खरी, पण त्याच्या मोबदल्यात जमिनीतले सोने जमिनीतच राहू देते.