मेडिकेअर व वृद्धांच्या स्थूलतेवरील उपचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ६५ वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या व्यक्तींसाठी केंद्र शासनाने चालविलेली आरोग्यविमा योजना ‘मेडिकेअर’ या नावाने ओळखली जाते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी तिच्या विधेयकावर स्वाक्षरी केली व १ जुलै १९६६ पासून ती अंमलात आली. आजार वा दुखापत यांचे निदान किंवा उपचार यांसाठी जी सेवा वाजवी व आवश्यक असेल, तिचाच खर्च द्यावयाचा, हे या योजनेचे मूलतत्त्व होय. त्यामुळे स्थूलतेच्या बाबतीत खर्चाच्या आधी व्याख्येचाच प्रश्न उद्‌भवला.

स्थूलता हा स्वतः आजार मानता येत नाही, असे विधान योजनेच्या नियमपुस्तिकेत २००४ पर्यंत होते. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या अन्य विकारावरील उपचाराचा अविभाज्य भाग असेल, तरच वजन घटविण्याच्या सेवेचा खर्च मिळे. जुलै २००४ मध्ये आरोग्यमंत्री टॉमी थॉम्पसन यांनी हे विधान वगळल्याचे जाहीर केले. तेवढ्याने कोणताही उपचार आपोआप मान्य झाला नाही. मात्र उपचारांच्या परिणामकारकतेचा पुरावा तपासण्याचा मार्ग मोकळा झाला.

पहिला निर्णय शस्त्रक्रियेबाबत झाला. वृद्धांमध्ये जठरावरील अशा शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचे प्रमाण अधिक आढळल्याने २००५ च्या मसुद्यात ६५ वर्षांवरील व्यक्तींना वगळले होते. फेब्रुवारी २००६ च्या अंतिम निर्णयात वयाची अट गळाली व शस्त्रक्रिया प्रमाणित केंद्रातच व्हावी, अशी अट आली; ती २०१३ मध्ये रद्द झाली. शरीर-वस्तुमान निर्देशांक (किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) ३५ वा अधिक, स्थूलतेशी निगडित किमान एक विकार आणि आधीच्या औषधोपचारास अपयश, अशा तिच्या अटी होत्या. नोव्हेंबर २०११ मध्ये निर्देशांक ३० वा अधिक असणाऱ्यांना आहार व व्यायाम यांविषयी प्राथमिक वैद्यकाचा सल्ला विनाशुल्क मिळू लागला. पहिल्या सहा महिन्यांत किमान ३ किग्रॅ. वजन घटल्यासच तो पुढे चालू राहतो.

औषधांबाबतची अडचण निराळी होती. मेडिकेअरमध्ये औषधांचा विमा २००३ च्या कायद्याने आला व १ जानेवारी २००६ पासून सुरू झाला. त्यात कोणती औषधे वगळावयाची, हे ठरविताना गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेची १९९० मधील यादी आधारास घेतली गेली. त्या यादीत वजन घटविणारी औषधे केस वाढविणाऱ्या व सौंदर्यवर्धक औषधांच्या पंक्तीस होती. शस्त्रक्रिया व सल्ला यांना प्रशासकीय निर्णय पुरेसा ठरला, परंतु औषधांच्या आड प्रत्यक्ष कायद्याचा शब्द आला. तो बदलण्यासाठी काँग्रेसमध्ये वारंवार विधेयके मांडली गेली.

या विसंगतीचे ठळक उदाहरण म्हणजे सेमाग्लुटाइड हे औषध. ते आतड्यातील एका हॉर्मोनासारखे कार्य करून भूक कमी करते. मधुमेहासाठी दिल्यास विमा त्याचा खर्च देई. जून २०२१ मध्ये वजन घटविण्यासाठी मान्यता मिळाल्यावर मात्र त्या कारणासाठी देता येत नसे. मार्च २०२४ मध्ये हृदयविकार असलेल्या स्थूल वा अतिवजनी रुग्णांतील हृदयाघात व पक्षाघात यांचा धोका कमी करण्यासाठी त्यास मान्यता मिळाली, तेव्हा तेवढ्यापुरता विमा लागू झाला. म्हणजे स्थूलतेपासून उद्‌भवणारा विकार जडल्यावर वृद्धास जे औषध मिळे, तेच तो विकार टाळण्यासाठी मिळत नसे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये शासनाने कायद्याचा नवा अर्थ लावून ही औषधे समाविष्ट करण्याचा प्रस्ताव मांडला; एप्रिल २०२५ मध्ये नव्या शासनाने तो स्वीकारला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मात्र उत्पादक कंपन्यांशी किंमतीचा करार करून काही लाभार्थींना ती देण्याची घोषणा झाली. कायद्याने ही औषधे सरसकट समाविष्ट केल्यास २०२६–३४ या काळात सु. ३५ अब्ज डॉलर खर्च वाढेल, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा २०२४ मधील अंदाज होता. स्थूलता हा आजार आहे काय, या प्रश्नापासून सुरू झालेला हा इतिहास अशा रीतीने त्या आजाराचा खर्च किती व कोणी सोसावा, या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचला.