गाठ कधी उजळते, कधी विझते

22 डिसेंबर 1895. जर्मनीतलं व्युर्त्सबुर्ग. तुम्ही विल्हेल्म रॉन्टगेन यांच्या प्रयोगशाळेत उभे आहात. त्यांच्या पत्नीचा हात काचेवर स्थिर ठेवलेला आहे. थोड्या वेळानं त्या काचेवर हाडं उमटतात, बोटातली अंगठीही दिसते. तुम्हाला मात्र उजव्या बरगड्यांआडचं यकृत बघायचंय, आणि त्यातली गाठ. या क्ष-किरणांना ती दिसणार नाही. यकृत आणि त्यातली गाठ, दोन्ही जवळपास सारखीच दाट; दोघांमधून किरण सारखेच आरपार जातात. इथे रेंगाळू नका.

1960 चं दशक, अमेरिकेतलं एक रुग्णालय. टेबलावर झोपलेल्या बाईंच्या शिरेत टेक्नेशियम जोडलेलं सल्फर कोलॉइड सोडलं आहे. बाहेरून आलेले कण गिळणं हे यकृतातल्या कुफर पेशींचं काम. त्यांनी हे कण गिळले की यकृतातून गॅमा किरण बाहेर पडू लागतात. यंत्राचं डोकं पोटावरून रांगेरांगेनं पुढे-मागे सरकतं आणि कागदावर ठिपके पडत जातात. तुम्ही वाकून बघता: ठिपक्यांच्या दाटीत एक मोकळी जागा आहे. गाठ सापडली!

पण ती कसली? गळू असो, पाण्याची गाठ असो, कर्करोग असो की रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता, कागदावर मोकळी जागा तशीच दिसते. बाई डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. खात्री करायची तर पोटात सुई घालायची, नाहीतर पोटच उघडायचं. त्यांना याहून बरं उत्तर मिळायला हवं, असं तुम्हाला आतून वाटतं. ते उत्तर शोधायलाच पुढे निघायचंय.

1 ऑक्टोबर 1971. लंडनच्या विम्बल्डन भागातलं ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालय. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रात एका रुग्णाचं डोकं आहे. क्ष-किरणांची नळी थोडी सरकते, थोडी फिरते, पुन्हा सरकते. संगणकाची आकडेमोड संपल्यावर मेंदूचा आडवा छेद तुमच्यासमोर येतो आणि त्यातली गाठ स्पष्ट दिसते. पण एका छेदाला काही मिनिटं लागतात. डोकं तेवढा वेळ स्थिर ठेवता येतं. यकृत मात्र प्रत्येक श्वासाबरोबर खाली-वर होतं. यकृताचं चित्र हवं असेल तर यंत्राला श्वासापेक्षा वेगवान व्हावं लागेल.

28 ऑगस्ट 1980. स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन. जॉन मॅलार्ड यांच्या चमूनं विद्यापीठातच एमआरआय यंत्र बांधलं आहे. आत एक रुग्ण झोपला आहे. इथे क्ष-किरण नाहीत. चुंबकक्षेत्रात शरीरातल्या पाण्याचे हायड्रोजन अणू रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, आणि निरोगी व रोगट भागातल्या पाण्याचा प्रतिसाद विझायला वेगवेगळा वेळ लागतो. पडद्यावर छातीतली मूळ गाठ दिसते, हाडांत पसरलेला कर्करोग दिसतो, आणि यकृतही बिघडलेलं दिसतं. रुग्णावर उपयोगी पडलेल्या संपूर्ण शरीराच्या पहिल्या एमआरआयमध्येच यकृत आलं. इथून पुढे गाठींना आणखी एक प्रश्न विचारता येईल: तुझ्यातलं पाणी किती वेळ बोलतं? हिमँजिओमा, म्हणजे तो रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता, यात फार तेजस्वी दिसतो. रेडिओलॉजिस्ट त्याला ‘लाइट बल्ब’ म्हणतात.

आता 1990 चं दशक. विली कालेंडर आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मांडलेलं स्पायरल सीटी रुग्णालयांत आलं आहे. नळी सलग फिरते, टेबल सलग सरकतं, आणि एका रोखलेल्या श्वासात अख्खं यकृत टिपलं जातं. इथे निवांत थांबा.

यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल शिरेनं, उरलेलं धमनीनं. हातातल्या शिरेत टोचलेलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळणारं द्रव्य, आधी धमनीनं पोचतं, सुमारे 30 ते 40 सेकंदांत. पोर्टल शिरेचं रक्त साधारण 70 सेकंदांना यकृत उजळवतं. यकृताचा कर्करोग मुख्यतः धमनीवर पोसलेला असतो. म्हणून पहिल्या चित्रात तो एकटा झळकतो आणि नंतर आजूबाजूचं यकृत उजळतं तेव्हा फिका पडतो. हिमँजिओमा कडेनं तुकड्यातुकड्यांनी भरू लागतो, मिनिटामिनिटानं मध्याकडे सरकतो आणि भरलेलाच राहतो. आतड्यातून पसरून आलेल्या गाठीची बहुधा फक्त कड उजळते, मधला भाग काळसर राहतो.

1960 च्या दशकातल्या त्या बाईंच्या कागदावर हे सगळे एकसारखे होते. त्यांना वेगळं केलं ते वेळेनं.

2000 साली बार्सिलोनाला जमलेल्या युरोपीय तज्ज्ञांच्या शेजारी बसा. सिऱ्हॉसिस असलेल्या, म्हणजे व्रणांनी कडक झालेल्या यकृतात ठराविक आकाराची गाठ दोन वेगळ्या तपासण्यांत धमनीच्या टप्प्यात झळकली, तर सुई न टोचताही कर्करोगाचं निदान करावं, असं ते मान्य करतात. अशा यकृतात सुईनं रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशीही सांडतात. निव्वळ चित्रावरून कर्करोगाचा उपचार सुरू करणं ही वैद्यकातली मोठी सवलत आहे, आणि ती या रुग्णांना मिळाली. 2011 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं ‘लाय-रॅड्स’ ही प्रतवारी आणली. धोका असलेल्या रुग्णांच्या गाठींना 1 ते 5 श्रेणी मिळू लागल्या. 1 म्हणजे निश्चित निरुपद्रवी, 5 म्हणजे निश्चित यकृताचा कर्करोग.

आणि आता आज. मूत्रपिंडं नीट चालतात ना हे सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघून तुम्हाला एमआरआयच्या खोलीत घेतलं आहे. कानात सूचना येते: श्वास घ्या, सोडा, रोखून धरा. टोचलेलं गॅडॉक्सेटेट हे कॉन्ट्रास्ट यकृताच्या पेशी स्वतः आत ओढतात आणि पित्तात सोडतात. 20 मिनिटांनी पुन्हा चित्रं निघतात. फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया ही निरुपद्रवी गाठ चालत्या यकृतपेशींची असते, म्हणून ती उजळलेली राहते. ॲडिनोमा ही दुसरी गाठ बहुधा काळी पडते. तरुण स्त्रीसाठी हा फरक फार मोठा आहे. पहिल्या गाठीला हात लावायची गरज सहसा नसते. दुसरीचा संबंध गर्भनिरोधक गोळ्यांशी असू शकतो, तिच्यातून रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित कर्करोगही होतो. अपवाद दोन्हीकडे असतात. कर्करोगाच्या काही गाठीही उजळलेल्या राहतात, म्हणून रेडिओलॉजिस्ट सगळे टप्पे एकत्र बघतो. तरीही उत्तर मिळालं नाही, तर सुईला पर्याय नसतो.

या प्रवासातून घरी नेण्यासारखं ज्ञान असं: सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘एसओएल’ (जागा व्यापणारी गाठ) लिहिलेलं दिसलं, तर लगेच शस्त्रक्रियेला होकार देऊ नका आणि कागद कपाटातही टाकू नका. कॉन्ट्रास्ट देऊन सगळ्या टप्प्यांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. सिऱ्हॉसिस असेल, किंवा हिपॅटायटिस बी मुळे तुम्हाला धोका आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका. दोन सेंटिमीटरच्या आत सापडलेला कर्करोग अनेकदा कापून काढता येतो किंवा जाळून टाकता येतो. शंभराहून अधिक वर्षांच्या या सगळ्या खटाटोपाचं फळ हेच आहे, आणि ते वेळेवर आलेल्यालाच पुरेपूर मिळतं.