नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे का? लहान शहरात घरचं पाणी आणि हवा कशी तपासायची?

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. कारण होतं हिपॅटायटिस ई हा पाण्यातून पसरणारा विषाणू. हजारो लोक आजारी पडले, काहींचा जीवही गेला. गरोदर स्त्रियांसाठी तर ही कावीळ जास्तच धोकादायक असते.

या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जाऊ शकतात. म्हणजे डोळे पिवळे दिसू लागतात, तेव्हा ते दूषित पाणी पिऊन महिना उलटलेला असतो. त्यामुळे 'कुणी आजारी पडलं तर बघू' हा विचार पाण्याच्या बाबतीत चालत नाही.

मोठ्या शहरांच्या तुलनेत तालुक्याच्या ठिकाणी अडचण थोडी वेगळी असते. नगरपरिषदेचा नळ चार-आठ दिवसांनी येतो, मधल्या काळात बोअर किंवा टँकर आणि प्यायला वीस लिटरचा जार. एकाच घरात तीन-चार ठिकाणचं पाणी वापरलं जातं. त्यातलं कोणतं सुरक्षित आहे, हे कसं ओळखायचं?

सुरुवात कुठून करायची?

चाचणीच्या आधी एक फेरी मारा. पाणी स्रोतापासून घरातल्या हंड्यापर्यंत कोणत्या वाटेने येतं, ते डोळ्यांनी बघा.

- नळजोडणीची पाइप गटारातून किंवा गटाराला चिकटून जाते का? तिला कुठे गळती आहे का?
- बोअर किंवा विहिरीपासून शौचालयाचा शोषखड्डा किती लांब आहे? हे अंतर शक्यतो १८ मीटर तरी असावं.
- विहिरीला कठडा आणि भोवती सिमेंटचा ओटा आहे का? सांडलेलं पाणी परत आत झिरपतं का?
- गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का? टाकी शेवटची कधी धुतली?

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी मुख्यतः भेगांमधून वाहतं. वाळूच्या थरातून जसं ते गाळलं जातं, तसं भेगांमधून गाळलं जात नाही. म्हणून 'आमचं बोअर तीनशे फूट खोल आहे, पाणी शुद्धच असणार' ही खात्री देता येत नाही.

नळाच्या पाण्याचा धोका वेगळा आहे. पुरवठा बंद असताना पाइपमधला दाब संपतो. गळतीच्या जागेतून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं आणि पुढच्या वेळी नळाला सगळ्यात आधी तेच येतं. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढलं तर हा धोका वाढतो. त्यामुळे सुरुवातीचं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये. ते झाडांना किंवा फरशी धुवायला वापरावं.

पिण्यायोग्य म्हणजे नेमकं काय?

भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०५०० हे मानक त्यासाठी वापरलं जातं. त्यातले घरच्यासाठी महत्त्वाचे आकडे असे:

- इ. कोलाय जिवाणू: १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको.
- क्लोरीन: नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर शिल्लक हवं.
- नायट्रेट: कमाल ४५ मिलिग्रॅम. यात सूट नाही.
- फ्लोराइड: १ मिलिग्रॅमपर्यंत योग्य. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं.
- टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार: ५०० पर्यंत योग्य, पर्याय नसेल तर २००० पर्यंत.
- एकूण कठीणपणा: २०० पर्यंत योग्य, पर्याय नसेल तर ६०० पर्यंत.
- पीएच: ६.५ ते ८.५.

प्रत्येक भागाची दुखणी सारखी नसतात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात भूजलातच क्षार जास्त आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत फ्लोराइडचा प्रश्न आहे. जिथे रासायनिक खतांचा वापर जास्त आहे किंवा सांडपाणी जमिनीत मुरतं, तिथे नायट्रेट बघायला हवं. नायट्रेट जास्त असलेलं पाणी वापरून तान्ह्या बाळाला वरचं दूध दिलं, तर बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटू शकते.

टीडीएस मीटर काय सांगत नाही?

दोन-तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर आता घरोघरी दिसतं. हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. बस, एवढंच. जिवाणू, विषाणू, कीटकनाशकं यांबद्दल ते काहीच सांगत नाही. नायट्रेट किंवा फ्लोराइड वेगळं किती आहे, हेही त्यावरून कळत नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस २५० येऊ शकतो आणि स्वच्छ बोअरचा ८००. मीटरवरचा लहान आकडा म्हणजे सुरक्षित पाणी, असं समीकरण नाही.

याच गैरसमजाचा फायदा घेणारा एक प्रयोग काही विक्रेते दारात करून दाखवतात. दोन ग्लास घेतात. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत विजेवर चालणाऱ्या धातूच्या कांड्या बुडवतात. थोड्या वेळात नळाचं पाणी तपकिरी, गढूळ होतं आणि आरओचं तसंच राहतं. 'बघा काय पिताय!' असं म्हटलं की घरचे घाबरतात.

खरं तर ती घाण पाण्यातली नसतेच. वीज वाहिल्यामुळे कांडीतलंच लोखंड विरघळतं आणि त्याचा गाळ तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी असल्यामुळे वीज नीट वाहत नाही, म्हणून तिथे काही दिसत नाही. त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं तर आरओचं पाणीही रंग बदलेल.

घरी कोणत्या चाचण्या होतात?

क्लोरीनची चाचणी: ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी 'ओटी टेस्ट' करतात. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. रंग जितका गडद, तितकं क्लोरीन जास्त. रंग आलाच नाही, तर नळापर्यंत क्लोरीन पोहोचलेलं नाही.

एच-टू-एस बाटली: या छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती २४ ते ४८ तास ठेवायची. पाणी काळं झालं तर मैलापाणी मिसळल्याची शक्यता मोठी. ही प्राथमिक चाचणी आहे, पक्का निष्कर्ष प्रयोगशाळेतच निघतो.

डोळे आणि नाक: गढूळपणा, गटाराचा वास, भांड्यावर तांबूस डाग ही चिन्हं गंभीरपणे घ्यावीत. मात्र रंग, वास, चव ठीक असली तरी पाणी दूषित असू शकतं. नायट्रेट आणि फ्लोराइडला तर चवच जाणवत नाही.

प्रयोगशाळेत नमुना कसा द्यायचा?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि काही उपविभागांत आहेत. जलजीवन मिशनअंतर्गत २०२१ पासून अशा सरकारी प्रयोगशाळा सामान्य नागरिकांसाठीही माफक शुल्कात खुल्या करण्याचं धोरण आहे. जाण्याआधी फोन करून शुल्क आणि नमुना घेण्याचा दिवस विचारून घ्या.

दोन नमुने वेगवेगळे द्यावे लागतात. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅनमध्ये साधारण एक ते दोन लिटर पाणी लागतं. जिवाणू तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी, बाटलीच्या तोंडाला हात लावू नये आणि नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा. घरातल्या जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीतून नेलेल्या नमुन्याचा जिवाणू अहवाल विश्वासार्ह नसतो.

कधी तपासायचं? रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात, कारण पाणी खोल गेलं की क्षारांचं प्रमाण वाढू शकतं. जिवाणू तपासणी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. वस्तीत जुलाब किंवा काविळीचे रुग्ण दिसले तर लगेच.

अहवाल आला, आता काय करायचं?

जिवाणू सापडले: पाणी गाळून खळखळून उकळा किंवा क्लोरीनचं द्रावण बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या. यूव्ही यंत्रही चालतं, पण ते स्वच्छ पाण्यातच नीट काम करतं आणि त्याला वीज लागते.

नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त आहे: इथे उकळून उपयोग नाही, उलट पाण्याची वाफ झाल्यामुळे प्रमाण वाढतं. दुसरा स्रोत शोधणं किंवा आरओ बसवणं हे पर्याय उरतात.

क्षार जास्त आहेत: टीडीएस खूप असेल तरच आरओला अर्थ आहे. एक लिटर पाण्यामागे आरओ बहुतेकदा दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. नळ आठवड्याने येणाऱ्या गावात हा हिशोब आधी करायला हवा.

फक्त कठीणपणा जास्त आहे: डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हा त्रास खरा आहे. पण तेवढ्यावरून पाणी धोकादायक ठरत नाही.

जारचं थंड पाणी शुद्धच असतं असंही नाही. सीलबंद बाटली आणि साधं झाकण लावलेला जार यांत फरक आहे. जार पुरवणाऱ्याकडे पाणी तपासणीचा अलीकडचा अहवाल मागण्यात गैर काही नाही.

साठवलेल्या पाण्याचं काय?

चांगलं पाणीही घरात आल्यावर बिघडतं. हात किंवा तांब्या माठात बुडवू नका. लांब दांड्याचं ओगराळं वापरा किंवा तोटी असलेला माठ घ्या.

नळ उशिरा येतो म्हणून भरून ठेवलेले पिंप, रांजण आणि हौद हेच डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचं घर असतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. भांडी नुसती रिकामी करून चालत नाही, कडा घासाव्या लागतात. कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात.

घरातली हवा आणि इतर धोके

- धूर: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. गॅस असूनही पाणी तापवायला चूल किंवा बंब वापरला जात असेल, तर तो घराबाहेर किंवा मोकळ्या पडवीत हवा.
- गॅस गिझर: बंद न्हाणीघरात तो लावला की कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. गिझर बाहेरच्या बाजूला बसवा आणि न्हाणीघरातली झडप उघडी ठेवा.
- जुना रंग: घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा खरवडू नका, ओला करून काढा. त्या वेळी लहान मुलांना लांब ठेवा.
- फवारणीची औषधं: ती स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत नकोत. रिकामा डबा कितीही धुतला तरी पाणी, तेल किंवा धान्यासाठी वापरू नये.

तक्रार कुठे करायची?

दूषित पाण्याची तक्रार नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे लेखी द्या आणि पोहोच घ्या. सोबत प्रयोगशाळेचा अहवाल, गळतीचा फोटो आणि तारीख जोडा. दाद लागली नाही तर 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पाण्याच्या तपासणीचे अहवाल माहिती अधिकारातही मागता येतात.

खर्च परवडत नसेल तर गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक नमुना द्यावा. एकाच जलवाहिनीवरच्या घरांचा स्रोत सारखाच असतो. मात्र एखाद्याच घरातलं पाणी बिघडलं असेल, तर त्याची नळजोडणी आणि टाकी वेगळी तपासावी लागेल. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर स्त्री असेल तर अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच वापरावं. नायट्रेटची शंका असेल, तर बाळासाठी दुसऱ्या, खात्रीच्या स्रोताचं पाणी आणावं.