सौजन्य कोणाचे?

काही महिने ऑनसाइट पिट्सबर्गला होतो, तेव्हा सकाळी गाडीत रेडिओ लावायची सवय लागली. ९०.५ एफएम, डब्ल्यूईएसए. तिकडच्या भाषेत ‘पब्लिक रेडिओ’. बातम्यांच्या मध्येच निवेदक संथ आवाजात सांगायचा, की आमच्या कार्यक्रमांना अमुक बँकेचं साहाय्य आहे, तमुक हॉस्पिटलचं साहाय्य आहे. बस्स. जिंगल नाही, ऑफर नाही, ‘आजच भेट द्या’ नाही. पहिले काही दिवस मला वाटायचं की जाहिरात अर्ध्यात कापली जातेय. मग ट्यूब पेटली. अरे, हे तर आपल्या गणपती मंडळाच्या कमानीवरचं ‘सौजन्य’!

आता मी पडलो लोणावळ्याचा. आमच्याकडे सौजन्याचा बोर्ड जवळपास दोन हजार वर्षं जुना आहे. एकवीरेला जाणाऱ्या बहुतेकांनी तो पाहिलेला असतो, वाचलेला नसतो. देवळाला लागूनच कार्ल्याचं मोठं चैत्यगृह आहे. त्याच्या भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत नावं कोरली आहेत. ती सगळी देणगीदारांची. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरं केलं, आणि जंबुद्वीपात याहून उत्तम दुसरं नाही, असं तिथेच लिहवूनही घेतलं. (पब्लिक रेडिओवाल्यांनी हे ‘उत्तम’ नक्की कापलं असतं. का, ते पुढे येईलच.) बाहेरचा सिंहस्तंभ एका महारठीचा. एका दाराचा खर्च सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याने केला. खांब बरेचसे धेनुकाकट गावच्या लोकांचे, आणि त्यातले कित्येक स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. प्रत्येकाचा मजकूर साधारण एकाच साच्यातला: गाव, नाव, दान काय दिलं. पुढे काही नाही.

यातला माझा सगळ्यात आवडता लेख उषवदाताचा. हा क्षत्रप नहपानाचा जावई. वलुरकाच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचं गाव दिलं. पण लेखाची सुरुवात या दानाने होत नाही. आधी तो आपली इतर दानं मोजतो: गाई दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, वगैरे वगैरे. म्हणजे बघा, बौद्ध लेण्याच्या भिंतीवर देणगीदार सांगतोय की मी ब्राह्मणांनाही भरपूर दिलंय, आणि संघाने ते कोरू दिलं. पुढे क्षत्रप गेले, सातवाहन आले. त्यांच्या राजाने मामाळच्या अमात्याला हुकूम पाठवला की हे गाव भिक्षूंकडेच राहू दे. तोही हुकूम तिथेच कोरलेला आहे. मामाळ म्हणजे आपलं मावळ. सत्ता बदलली, स्पॉन्सर बदलला, सोय चालू राहिली.

असो. मुद्दा असा, की धार्मिक संस्थेने कोणाचे पैसे घ्यावेत आणि कोणाचं नाव आपल्या भिंतीवर लावावं, हा प्रश्न जुनाच आहे. आणि मी ज्या ९०.५ वर ती नावं ऐकत होतो, त्याच फ्रिक्वेन्सीवर २००७ साली हा प्रश्न फार अवघड होऊन बसला होता.

त्याआधी थोडं पब्लिक रेडिओबद्दल. ७ नोव्हेंबर १९६७ ला अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या कायद्यावर सही केली. बाजारू रेडिओ-टीव्हीला पर्याय म्हणून, जाहिरातींवर न जगणाऱ्या केंद्रांना सरकारी निधी देणारा हा कायदा. आता गंमत बघा. त्याच्या बरोबर सहा दिवस आधी, १ नोव्हेंबर १९६७ ला, आपल्याकडे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. प्रयोग म्हणून पहिली तीन केंद्रं निवडली ती मुंबई, पुणे आणि नागपूर. म्हणजे एकाच आठवड्यात त्यांनी बाजारापासून लांब जाणारा रस्ता धरला आणि आपण बाजाराकडे जाणारा. आणि आपल्या रस्त्याचा पहिला मैलाचा दगड मुंबई-पुण्याच्या मधोमध, म्हणजे आमच्याच घरावरून गेला!

आकाशवाणीने जाहिराती घेतल्या, पण सोबत आचारसंहिताही ठेवली. मुख्यतः धार्मिक किंवा राजकीय हेतू असलेली जाहिरात चालणार नाही, ज्योतिषी-भविष्यवाले चालणार नाहीत, शर्यतीच्या टिपा चालणार नाहीत. तिकडे अमेरिकेत वेगळी भानगड झाली. सरकारी पैसा कधीच पुरला नाही, तेव्हा देणगीदार कंपन्यांची नावं घ्यायला परवानगी होती ती १९८४ मध्ये आणखी सैल केली. कंपनीचं नाव, ठिकाण, ती काय करते ते तटस्थ शब्दांत सांगा. पण किंमत नाही, तुलना नाही, ‘सर्वोत्तम’ नाही, ‘या आणि घ्या’ नाही. थोडक्यात कार्ल्याचा खांब, उणे भूतपाल.

या नियमांनी काय बोलायचं ते ठरलं. कोणाचं नाव घ्यायचं, ते मात्र ज्याच्या नावावर लायसन्स त्याच्यावर सोडलं. आणि अमेरिकेत पब्लिक रेडिओची बरीच लायसन्सेस विद्यापीठांच्या नावावर आहेत.

९०.५ तेव्हा डब्ल्यूडीयूक्यू होतं आणि ड्युकेन विद्यापीठाच्या मालकीचं होतं. ड्युकेन हे १८७८ साली कॅथलिक धर्मसंघाने काढलेलं विद्यापीठ; पूर्ण नावातच ‘पवित्र आत्मा’ आहे. रेडिओ १९४९ पासूनचा. दिवसभर बातम्या आणि जॅझ, धर्मोपदेशाचं चॅनेल वगैरे अजिबात नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये या केंद्राने एक नवा प्रायोजक घेतला: प्लॅन्ड पेरेंटहूडची पश्चिम पेनसिल्व्हेनियातली शाखा. ही संस्था संततिनियमन, स्त्रियांच्या आरोग्य तपासण्या आणि गर्भपात या सेवा देते. सौजन्याच्या ओळी हवेवर जायला लागल्या, आणि थोड्याच दिवसांत विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स डोहर्टी यांनी त्या थांबवायला सांगितल्या. कारण सरळ होतं, ही संस्था आमच्या कॅथलिक ओळखीशी जुळत नाही. रोमन कॅथलिक चर्चचा विरोध फक्त गर्भपाताला नाही, कृत्रिम संततिनियमनालाही आहे; पोप सहाव्या पॉल यांनी १९६८ साली तो अधिकृत पत्रकातून पुन्हा पक्का केला होता. (त्याच १९६८ मध्ये भारत सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला. हे साल कोणीतरी वर बसून मॅच करत असावं.)

हे वाचल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया आपल्यासारख्या पोरांची असते तीच होती: काय हे, रेडिओ सगळ्यांचा आणि मोडता एकाचा! पण मग सेंट लुईसची केस वाचनात आली आणि प्रकरण इतकं सोपं राहिलं नाही. तिथे मिसूरी विद्यापीठाचं पब्लिक रेडिओ केंद्र होतं, केडब्ल्यूएमयू. १९९७ मध्ये कू क्लक्स क्लॅनने तिथे प्रायोजक व्हायची इच्छा दाखवली. हो, तीच ती पांढरे झगे घालणारी वंशवादी संघटना. आमचे पैसे घ्या, बातम्यांच्या कार्यक्रमात आमचं नाव घ्या. विद्यापीठाने नकार दिला, क्लॅन कोर्टात गेली, आणि २००० मध्ये अपील कोर्टाने विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला: कोणाचं सौजन्य स्वीकारायचं हे केंद्राने ठरवायचं, पैसे दाखवले म्हणून कोणाला हवेवर हक्क मिळत नाही. आता सांगा, सेंट लुईसचा नकार आपल्याला पटतो आणि पिट्सबर्गचा खटकतो, पण अधिकार तर दोन्हीकडे एकच आहे. क्लॅनला हाकलणारं बटण आणि प्लॅन्ड पेरेंटहूडला हाकलणारं बटण वेगवेगळं बनवता येत नाही.

तरी फरक आहे, असं मला वाटतं. नकार देण्यात नाही, नकार कोण देतो त्यात. ड्युकेनच्या रेडिओ केंद्राने प्रायोजक स्वीकारला होता. नको म्हणाला तो घरमालक. दरवर्षी पंचवीस-पन्नास डॉलर पाठवून हे ‘आपलं’ स्टेशन आहे असं मानणाऱ्या श्रोत्यांच्या हातात यातलं काहीच नव्हतं. घरमालक कोण, हे एरवी जॅझ ऐकताना जाणवतही नसेल. कायद्याने विद्यापीठ बरोबरच होतं. आपल्या तत्त्वाविरुद्धचे पैसे परत करणाऱ्या संस्थेबद्दल मला आदरही वाटतो, कारण ‘पैसे कोणाचे ते विचारू नका’ म्हणणाऱ्या संस्था आपण रोज बघतो. पण अशी रेघ ओढायची असेल तर ती देणगी मागतानाच दाखवावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

महाराष्ट्रात याच्याशी सगळ्यात जवळची गोष्ट रेडिओची नाही, माणसाची आहे, आणि विषय तोच, संततिनियमन. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. विल्सन हे स्कॉटिश मिशनऱ्यांचं कॉलेज, १८३२ पासूनचं. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी, म्हणजे आपला माणूस जगाच्या मागे अजिबात नव्हता. त्यांनी हा विषय उघडपणे मांडायला सुरुवात केल्यावर कॉलेजच्या चालकांना तो पचला नाही आणि कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. वर्गात ते गणितच शिकवत होते, हे लक्षात घ्या. अडचण होती ती कॉलेजच्या नावाशेजारी त्यांचं नाव येण्याची. पुढे १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले झेलले, दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. केस हरले, पण उभे राहिले. (अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ पाहिला नसेल तर जरूर पाहा.)

आणि याच घरात नावाची दुसरी बाजूही आहे. रघुनाथरावांचे वडील महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, पैशाची ओढाताण होती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आपलं एसएनडीटी. त्या काळचे १५ लाख! सौजन्य थेट पाटीवर गेलं, आणि त्या पैशावर मुली शिकल्या. बापाने नाव स्वीकारलं आणि संस्था जगली. मुलाचं नाव संस्थेला नको झालं.

आज आपल्याकडे ड्युकेनसारखं प्रकरण घडू शकतं का? खाजगी एफएमच्या नियमांत धार्मिक संस्थेच्या ताब्यातल्या कंपनीला लायसन्सच मिळत नाही. कम्युनिटी रेडिओचं वेगळं: २००२ पासून शैक्षणिक संस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना तो काढता येतो. पुणे विद्यापीठाची १०७.४ वरची ‘विद्यावाणी’ त्यातलीच. १०० वॅटच्या मर्यादेमुळे आवाज पाच-दहा किलोमीटरपर्यंत, म्हणजे मावळात तो पोचायचा प्रश्नच नाही. जाहिराती २००६ मध्ये तासाला पाच मिनिटं होत्या, २०२४ मध्ये बारा झाल्या. पण २००६ च्या नियमांत प्रायोजित कार्यक्रमांचं दार मुख्यतः सरकारसाठीच उघडं ठेवलं होतं. त्यामुळे आपल्या कम्युनिटी रेडिओवाल्याला धर्मापेक्षा सरकारी सौजन्याचा चेक वेळेवर येतो की नाही याची काळजी जास्त. आणि सगळ्यात मोठा प्रायोजक सरकार असेल तर कोणाला नाही म्हणायचं, हा प्रश्न उलटाच होतो.

डब्ल्यूडीयूक्यूचं पुढे काय झालं? २००७ चा वाद आणि पुढची विक्री यांची थेट सांगड घालायचा मोह होतो, पण तो आवरतो. विद्यापीठं रेडिओ विकतात त्याला पैशाची कारणंही पुरतात. २०११ मध्ये ड्युकेनने सुमारे ६० लाख डॉलरला केंद्र विकलं. घेणारी संस्था ना-नफा आणि धर्माशी संबंध नसलेली. नाव बदलून डब्ल्यूईएसए झालं. घरमालकाचा मोडता गेला, पण नव्या मालकांनी बातम्यांवर भर दिला आणि जॅझचे तास एकदम आटवले. मग २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने १९६७ च्या कायद्यातून येणारा निधीच काढून घेतला, आणि तो वाटणाऱ्या महामंडळाने गाशा गुंडाळायला घेतला. आता ही केंद्रं श्रोत्यांच्या देणग्यांवर आणि त्या संथ आवाजात वाचल्या जाणाऱ्या नावांवर आणखीनच अवलंबून आहेत.