खुर्द्याची गणती

पानिपत आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. शहराबाहेर काला अंब नावाची जागा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी इथली माती इतकी भिजली की आंब्याचे झाड काळे पडले, अशी आख्यायिका. झाड गेले, आता विटांचा स्तंभ आहे.

उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभवाची बातमी सावकारी सांकेतिक भाषेत कळली. त्यात मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. रुपये आणि खुर्दा किती गेला याची मात्र गणती नव्हती. अनुवाद करणाऱ्या माणसाला यातला ‘खुर्दा’ हा शब्द अडवतो. चिल्लर म्हटले की अर्थ पोचतो, पण फौजेबरोबर चाललेले बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका-मुले दिसेनाशी होतात. जे वाचले त्यांतल्या कित्येकांना सूरजमल जाटाच्या मुलखात आसरा मिळाला. हरियाणातला रोड समाज स्वतःला मागे राहिलेल्या मराठ्यांचा वंशज मानतो. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. मोजले न गेलेल्यांचा इतिहास असाच उरतो: एका बाजूला स्मृती, दुसऱ्या बाजूला पुराव्याची मागणी.

बेघर माणसांविषयीच्या संशोधनाचा इतिहास वाचताना मला हा निरोप आठवतो. तिथेही खुर्दा कोणी मोजायचा, हाच प्रश्न आहे.

मुंबईत या संशोधनाची सुरुवात विद्यापीठातून झाली नाही. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२०च्या दशकात नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ हे वस्तीकेंद्र उभे केले. त्याच कामातून १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. म्हणजे वस्ती आधी, वर्ग नंतर. पुढे टाटा संस्थेत शिकलेल्या शीला पटेल याच नागपाड्यात काम करू लागल्या, आणि १९८४ मध्ये ‘स्पार्क’ ही संघटना सुरू झाली. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायका तिच्या पहिल्या सहकारी.

तो काळ धास्तीचा होता. १९८१च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून गावी धाडण्याचे जाहीर केले होते. ऑल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, तरी पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. निकालातली एक अट मात्र डोळ्यांत भरते: १९७६च्या गणतीत ज्यांची नोंद झाली, त्यांना पर्यायी जागा द्यावी. ज्याचे नाव यादीत, त्याला कुठेतरी जागा. ज्याचे नाही, त्याचा संसार ट्रकमध्ये.

म्हणून त्याच वर्षी स्पार्कने बायकांना बरोबर घेऊन केलेली मोजणी निव्वळ अभ्यास नव्हती. सुमारे ६ हजार कुटुंबे, २७ हजार माणसे. अहवालाचे नाव होते ‘वुई, द इन्व्हिजिबल’. मराठीत मी ते ‘आम्ही, न दिसणारे’ असे करीन. ‘अदृश्य’ म्हटले की जादूचा भास होतो, आणि इथे जादू काही नव्हती, पाहणाऱ्यांनी मान वळवली होती. ही माणसे कामकरी आहेत, कामाच्या ठिकाणी चालत जाता यावे म्हणून इथे राहतात, हे त्यातून आकड्यांनी मांडले गेले. याच बायकांची ‘महिला मिलन’ संघटना झाली. पुढे १९९५ची मुदत धरून आखलेल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीही पात्र ठरले.

दिल्लीत २००० साली ‘आश्रय अधिकार अभियान’ने रात्री फिरून माणसे मोजली: ५२,७६५. अकरा वर्षांनी, शहर कितीतरी वाढल्यावर, सरकारी जनगणनेने दिल्लीत ४६,७२४ बेघर नोंदवले. ही जनगणना बेघरांना एकाच रात्री मोजते, २८ फेब्रुवारीला. पुलाखालचा कोपरा ठाऊक असलेला माणूस बरोबर नसेल, तर तो कोपरा रिकामाच धरला जातो. दिल्लीची मनोविकार संस्था इहबास हिने याच अभियानाच्या साथीने जामा मशिदीजवळ बेघरांसाठी दवाखाना चालवला. डॉक्टरांकडे औषध होते. कोणता माणूस कुठे झोपतो आणि कोणाचे ऐकतो, हे कार्यकर्त्यांना ठाऊक होते.

विद्यापीठ आणि संघटना यांच्या भागीदारीचे मोल इथे कळते, आणि तिचा धोकाही. प्रश्नावली भरून नेणाऱ्याला पदवी मिळते. उत्तर देणाऱ्याला काय मिळते? मोजलेला कागद त्याच्याही हाती राहिला, तर नोटीस आल्यावर तो दाखवता येतो. नाहीतर आपण पुन्हा मोती आणि मोहरांचाच हिशेब लिहितो. काला अंबच्या स्तंभाला तेवढा हिशेब पुरतो. भायखळ्याच्या बायकांना पुरत नव्हता, म्हणून त्यांनी आपला खुर्दा स्वतः मोजला.