वाळवंटातील धावा

मनुष्याच्या अंतःकरणात चालणाऱ्या सदसत् प्रवृत्तींच्या झगड्यास युद्ध म्हणण्याची प्रथा बहुतेक सर्व धर्मांत आढळते. ख्रिस्ती धर्मात या कल्पनेतून एक स्वतंत्र साधनमार्गच निर्माण झाला, आणि त्याची पहिली मोठी रणभूमी म्हणजे इजिप्तचे वाळवंट होय.

इ. स. २५१ च्या सुमारास जन्मलेला अँटनी हा तेथील एका सधन घराण्यातील तरुण. 'सर्वस्व विकून गोरगरिबांस दे' या आशयाचे येशूचे वचन त्याने एके दिवशी प्रार्थनामंदिरात ऐकले, आणि वडिलार्जित सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन तो विरक्त झाला. अलेक्झांड्रियाचे धर्माध्यक्ष अथनेशियस यांनी अँटनीच्या मृत्यूनंतर, म्हणजे ३५६ नंतर लवकरच, त्याचे चरित्र लिहिले. त्यातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका थडग्यात राहून तप करीत असता भूतपिशाचांनी अँटनीस मारून मृतप्राय केले. तरीही तो तेथेच परतला. मग हिंस्र श्वापदांची रूपे त्याच्यावर चालून आली. अखेरीस प्रकाश पडला व वेदना शमल्या, तेव्हा त्याने देवास विचारले की, इतका वेळ तू कोठे होतास? उत्तर आले की, मी येथेच होतो. तुझी झुंज पाहत होतो. साहाय्य दूर नव्हते, परंतु साधकाची झुंजही टळली नाही, हा या कथेचा भावार्थ.

पुढच्या पिढीत या युद्धाचे शास्त्र बनले. ३९९ मध्ये निवर्तलेला इव्हाग्रियस हा विद्वान तपस्वी. खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, विषाद, क्रोध, उबग, लौकिकाची हाव आणि अहंकार असे आठ कुविचार त्याने सांगितले. आपल्याकडील षड्रिपूंची आठवण येथे सहज व्हावी. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही असे भासवून साधकास कोठडीबाहेर काढणारा उबग त्याने फार बारकाईने वर्णिला आहे. प्रत्येक कुविचारास तोंड देण्यासाठी त्याने बायबलमधील सुमारे पाचशे वचने निवडून एक ग्रंथ रचला.

परंतु ऐन हल्ल्याच्या क्षणी इतकी वचने कोणास आठवणार? याच परंपरेत त्यावर एक सोपा उपाय सापडला. इजिप्तमध्ये साधना करून आलेल्या जॉन कॅशियन याने ४१५ च्या सुमारास मार्सेय येथे मठ स्थापिले. आयझॅक नामक वृद्ध तपस्व्याची शिकवण त्याने आपल्या ग्रंथात दिली आहे: स्तोत्रसंहितेतील देवास तातडीने साहाय्यास बोलावणारा एकच लहानसा धावा जपावा, झोपता-उठता, जेवता-चालता, मोहात आणि आनंदातही. आनंदात का? तर विजयाच्या क्षणीच अहंकार शिरतो म्हणून. ज्यास आपण स्वबळावर जिंकलो असे वाटले, तो शेवटच्या शत्रूच्या हाती सापडला.

ही सारी शिकवण एका भेदावर उभी होती. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात हे युद्ध रक्तमांसाच्या माणसांशी नव्हे, असे स्पष्ट बजावले आहे. तो भेद विसरला गेला तेव्हा अनर्थ झाला. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने क्लेर्मों येथे पूर्वेकडील स्वारीचे आवाहन केले, आणि १०९९ मध्ये जेरुसलेम जिंकल्यावर क्रुसेडरांनी तेथील मुसलमानांची व यहुद्यांची भीषण कत्तल केली. पुढील शतकांत चेटकिणी ठरवून सहस्रावधी स्त्रियांना, आणि काही पुरुषांनाही, प्राणास मुकावे लागले. सैतान शेजाऱ्याच्या अंगी दिसू लागला की प्रार्थना करणाऱ्याच्या हाती शस्त्र येते. थडग्यातल्या अँटनीने कोणा मनुष्यावर हात उगारला नव्हता.

सुदैवाने जुनी परंपराही लोपली नाही. सहाव्या शतकात बेनेडिक्ट याने आपल्या मठ-नियमावलीत तोच धावा नित्यप्रार्थनांच्या आरंभी ठेवला, आणि थोरला ग्रेगरी याने त्या आठ कुविचारांची नवी मांडणी करून सात महापापांची परंपरा रूढ केली. आजही कॅथलिक मठांतून दिवसाच्या प्रार्थनांना प्रारंभ होतो तो याच लहानशा हाकेने.